पंचविसाव्या वर्षी सुरू झालेली कारकीर्द

वॉलाँगाँग हे ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातलं पोलाद आणि कोळशाचं शहर, सिडनीच्या दक्षिणेला सुमारे 80 किलोमीटरवर. नव्वदच्या दशकात तिथला एक तरुण बस चालवायचा आणि वॉलाँगाँगच्याच संघातून देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये फुटबॉल खेळायचा. त्याचं नाव स्कॉट चिपरफील्ड. जन्म डिसेंबर 1975 चा. पुढे तो दोन विश्वचषक खेळला आणि स्वित्झर्लंडमधल्या एफसी बासल या क्लबकडून सात वेळा लीगचा विजेता ठरला. पण वयाच्या पंचविशीपर्यंत तो पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू नव्हता.

करिअर मार्गदर्शनाच्या लेखात मी मुद्दाम हे नाव निवडलं आहे. खेळाकडे ओढा असलेल्या मुलामुलींचे पालक भेटतात तेव्हा दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, ‘आता चौदा-पंधरा वर्षांचा झाला, अजून मोठ्या अकादमीत नाही, म्हणजे वेळ गेली का?’ आणि दुसरा, ‘कोच त्याला कधी मागे खेळवतात, कधी पुढे, यानं नुकसान तर होत नाही ना?’ चिपरफील्डची कारकीर्द या दोन्ही प्रश्नांशी थेट भिडते. मात्र तिच्यातून सोपं, गोड उत्तर मिळत नाही, म्हणून ती नीट पाहावी लागते.

आधी त्या बसबद्दल. ऑस्ट्रेलियात 1977 साली नॅशनल सॉकर लीग सुरू झाली आणि 2004 पर्यंत चालली. स्थलांतरित समाजांनी उभे केलेले क्लब, बेताचं उत्पन्न, क्रिकेट आणि रग्बीच्या सावलीतला खेळ अशी तिची स्थिती होती. बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करत आणि संध्याकाळी सरावाला येत. म्हणजे चिपरफील्डची बस ही त्याच्या अपयशाची खूण नव्हती. त्या देशात त्या काळी फुटबॉल खेळायचा तर घर चालवण्यासाठी दुसरं काही करावंच लागे. मुंबईतल्या जुन्या फुटबॉलप्रेमींना हे नवीन वाटणार नाही. रेल्वे, बँका, पोलीस, एअर इंडिया यांचे संघ कुपरेज मैदानावर खेळत आणि त्यातले खेळाडू त्या त्या खात्याच्या पगारावर असत. नोकरी आणि खेळ एकमेकांना धरून चालत आले आहेत, इकडेही आणि तिकडेही.

जून 2000 मध्ये वॉलाँगाँग वुल्व्ज लीगच्या अंतिम सामन्यात पोचले. सामना पर्थच्या सुबियाको ओव्हलवर, पर्थ ग्लोरीविरुद्ध, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरी. मैदानात 43 हजारांवर प्रेक्षक. मध्यंतराला वॉलाँगाँग 0-3 नं मागे. दुसऱ्या अर्ध्यात पहिला गोल चिपरफील्डनं केला, मग आणखी एक झाला, आणि अगदी शेवटच्या मिनिटांत बरोबरी झाली. निकाल पेनल्टीवर गेला आणि वॉलाँगाँगनं चषक उचलला. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा लीग जिंकली, आणि 2001 च्या उन्हाळ्यात बासलचं बोलावणं आलं.

बासलला त्याआधी लीग जिंकून दोन दशकं उलटली होती. शेवटचं विजेतेपद 1980 चं. प्रशिक्षक ख्रिस्तियान ग्रोस नवा संघ बांधत होते आणि सेंट याकोब पार्क हे नवं स्टेडियम 2001 मध्येच उघडलं होतं. चिपरफील्डच्या पहिल्याच हंगामात, 2002 मध्ये, बासलनं लीग आणि स्विस कप दोन्ही जिंकले. त्यानंतरच्या शरद ऋतूत हा क्लब चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत लिव्हरपूल आणि व्हॅलेन्सियासमोर उभा होता. काही वर्षांपूर्वी वॉलाँगाँगच्या रस्त्यांवर बस हाकणारा माणूस त्या संघात होता. तो तिथे अकरा हंगाम राहिला आणि 2012 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सातवं लीग विजेतेपद घेऊन बाहेर पडला.

अकरा हंगाम एका क्लबमध्ये टिकणं हे परदेशी खेळाडूच्या बाबतीत सोपं नसतं. प्रशिक्षक बदलतात, नवा माणूस आपल्या पसंतीचे खेळाडू आणतो, तरुण मुलं खालच्या संघातून वर येतात. तरी चिपरफील्डला जागा मिळत राहिली. याचं मोठं कारण म्हणजे तो एकापेक्षा जास्त जागी खेळू शकायचा. डाव्या बाजूचा बचावपटू, डावा मध्यरक्षक, गरज पडली तर आघाडीला, गोल करायच्या जागीसुद्धा. तिशी ओलांडल्यावर विंगवर वर-खाली धावण्याचा वेग कमी होऊ लागतो. त्याच्याकडे दुसऱ्या जागा शिल्लक होत्या.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक वेळा हाच मुद्दा चुकीचा समजला जातो. ‘सगळं येतं’ म्हणजे अष्टपैलू, असं आपण धरून चालतो. चिपरफील्डच्या तिन्ही जागा नीट पाहा. तिन्ही मैदानाच्या डाव्या अंगाला किंवा तिथून आत वळणाऱ्या. तिन्हींमध्ये त्याचं तेच भांडवल कामी येत होतं: डावा पाय, न थकणारी धाव, उंच चेंडूवर वेळेत उडी मारून हेडर घेण्याची हातोटी. बचावपटू म्हणून हे हेडर गोल वाचवतं, आघाडीला ते गोल करतं. कौशल्य एकच, फक्त मैदानावर ते मागे किंवा पुढे वापरायचं. त्याची अष्टपैलुता खोल रुजलेल्या दोन-तीन गोष्टींतून आली होती. आधी खोली आली, मग विस्तार आला. हा क्रम उलटा केला तर मुलगा सगळीकडे थोडाफार उपयोगी आणि कुठेच अपरिहार्य नाही, असा होऊन बसतो. असे खेळाडू राखीव बाकावर बरीच वर्षं घालवतात.

म्हणून कोच बारा वर्षांच्या मुलाला वेगवेगळ्या जागी खेळवत असतील तर काळजी करू नका, उलट बरं वाटून घ्या. त्या वयात मैदान सगळ्या बाजूंनी दिसायला हवं. पंधरा-सोळाच्या सुमाराला मात्र कोचना स्पष्ट विचारा: याची मुख्य जागा कोणती, आणि तिच्या शेजारची दुसरी जागा कोणती? ‘कुठेही खेळतो’ हे उत्तर पुरेसं नाही. लेफ्ट बॅकला लेफ्ट विंग शेजारची आहे, मधल्या बचावपटूला बचावात्मक मिडफिल्ड शेजारचं आहे. मुंबई सिटी एफसीकडे 2022 मध्ये आलेला ऑस्ट्रेलियन रॉस्टिन ग्रिफिथ्स याच दुसऱ्या जोडीचा खेळाडू. ऑस्ट्रेलियातल्या आणि उझबेकिस्तानातल्या क्लबांतून फिरून तो मुंबईत आला आणि 2022-23 मध्ये इंडियन सुपर लीगची शिल्ड जिंकणाऱ्या संघात खेळला. भारतातल्या क्लबांना परदेशी खेळाडूंच्या मोजक्याच जागा असतात. दोन जागी खेळणारा माणूस अशा वेळी पसंत पडतो.

राष्ट्रीय संघाचंही गणित तसंच आहे. 2006 च्या विश्वचषकासाठी संघात 23 जण नेता येत होते. तीन गोलरक्षक वगळले की दहा जागांसाठी वीस खेळाडू उरतात, आणि एका सामन्यात बदलीही फक्त तीन. त्यात दुखापती, कार्डं, थकवा. ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे प्रशिक्षक खुस हिडिंक सामन्याच्या मध्यात संघाची रचना बदलत, बचावपटू काढून आघाडीपटू आणत. मागे राहिलेल्यांना मग एकाच वेळी दोन कामं करावी लागत. चिपरफील्ड त्या विश्वचषकात जपान, ब्राझील, क्रोएशिया आणि इटली या चारही सामन्यांत सुरुवातीच्या अकरांत होता. त्याआधी नोव्हेंबर 2005 मध्ये सिडनीत उरुग्वेला पेनल्टीवर हरवून ऑस्ट्रेलियानं 32 वर्षांनी विश्वचषकाचं दार उघडलं, तेव्हाही तो अकरांत होता. एकूण 68 आंतरराष्ट्रीय सामने आणि 12 गोल.

त्याच 2006 च्या संघात डाव्या बाजूलाच खेळणारा आणखी एक जण होता, हॅरी क्युएल. चिपरफील्डपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी लहान. क्युएल किशोरवयातच इंग्लंडला लीड्स युनायटेडच्या युवा संघात गेला आणि 1996 मध्ये, सतराव्या वर्षी, मुख्य संघात उतरला. पुढे लिव्हरपूल, 2005 ची चॅम्पियन्स लीग. क्रोएशियाविरुद्ध 79 व्या मिनिटाला बरोबरीचा गोल त्यानंच केला. दोघांचे रस्ते इतके वेगळे, आणि जर्सी एकच. पालकांच्या डोळ्यांसमोर नेहमी क्युएलचा रस्ता असतो, कारण वर्तमानपत्रांत तोच येतो. मुलींमध्ये ऑस्ट्रेलियाचीच एली कार्पेंटर सोळाव्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. ज्यांच्यात ते तेज लवकर दिसतं त्यांनी लवकर जावं, त्यात काही वावगं नाही. पण सोळाव्या वर्षी ते दिसलं नाही म्हणून दार बंद झालं, असं समजणं चुकीचं आहे. काहींची शरीरं उशिरा भरतात, काहींना खेळाची समज उशिरा येते.

तरीही पालकांना एक गोष्ट मी स्पष्ट सांगते. चिपरफील्ड पंचविशीपर्यंत वाट पाहत बसला नव्हता. तो देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये दर आठवड्याला खेळत होता, जिंकत होता, तिथल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जात होता. ‘उशिरा संधी मिळू शकते’ याचा अर्थ ‘काही न करता संधीची वाट पाहता येते’ असा नाही. तुमच्या मुलाला बाविसाव्या वर्षापर्यंत जिल्हा किंवा राज्य पातळीच्या लीगमध्ये नियमित सामने मिळत नसतील, तर खेळ छंद म्हणून ठेवावा आणि पोटापाण्याचा मार्ग दुसरीकडे पक्का करावा. हे सांगताना मलाही वाईट वाटतं, पण न सांगणं मुलावर अन्याय ठरेल.

पोटापाण्याचा मार्ग म्हणजे खेळाशी फारकत नव्हे. खेळाडूचं शिक्षण चालू राहिलं तर फिजिओथेरपी, शारीरिक शिक्षण, क्रीडा व्यवस्थापन, सामन्यांचं व्हिडिओ विश्लेषण हे सगळे रस्ते खुले राहतात. प्रशिक्षक व्हायचं असेल तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे लायसन्स अभ्यासक्रम आहेत, डी लायसन्सपासून पुढे. रेफ्री होण्याचाही मार्ग आहे आणि त्याकडे आपल्याकडे फार कमी मुलं वळतात. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्पर्धेत कोणती कामगिरी ग्राह्य धरली जाते हे ठरलेलं असतं, आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, संघयादी, निवडीचं पत्र पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. अर्ज करायच्या वेळी ही कागदपत्रं शोधत फिरणारी कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत.

कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात तेव्हा अख्खं शहर मैदानाकडे लोटतं. सतरा वर्षांखालच्या 2017 च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. अशा गावांतल्या मुलांना सामने खेळायला मिळतात, आणि सामने हीच खेळाडूची खरी शाळा. तुमच्या गावात असं वातावरण नसेल, तर अकादमी निवडताना चकचकीत टर्फ पाहू नका. वर्षाला किती अधिकृत सामने होतात, प्रशिक्षकाकडे कोणतं लायसन्स आहे, अकादमीला महासंघाची मान्यता आहे का, मुलाची नोंदणी कोणाच्या नावावर होते, हे विचारा. उत्तर टाळलं गेलं तर तिथून निघा.

आणि ‘युरोपात ट्रायल लावून देतो’ म्हणून कोणी काही लाख रुपये मागत असेल तर एक नियम लक्षात ठेवा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबमध्ये बदली फिफाच्या नियमांनुसार होऊ शकत नाही. मोजके अपवाद आहेत; उदाहरणार्थ, आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील तर. पंधरा वर्षांच्या मुलासाठी कराराची हमी देणारा माणूस त्यामुळे एकतर नियम जाणत नाही किंवा तुमच्यापासून लपवतो आहे. त्या पैशांत मुलाची तीन-चार वर्षांची बुटं, प्रवास, दातांची आणि गुडघ्यांची तपासणी, आणि अभ्यासाची शिकवणी सहज भागते.