जुना खेळ, नवे यंत्र

मुलांनो, परवा निगडीस आमच्या घरी नातवाने ‘अल्टिमा फोर’ नावाचा जुना खेळ संगणकावर बसविण्याचा घाट घातला. अमेरिकेतील रिचर्ड गॅरियट यांनी तो १९८५ मध्ये रचला. दुष्टाचा वध करणे हे त्यातील उद्दिष्ट नव्हे. सचोटी, करुणा, शौर्य आदी आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावयाचे असते. आपला शब्द एवढा दूर गेलेला पाहून मला मौज वाटली.

परंतु खेळ सुरूच होईना! त्याची ही आवृत्ती डॉस या जुन्या प्रणालीसाठी लिहिलेली; नव्या संगणकास ती बोली कळेना. तेव्हा नातवाने ‘डॉसबॉक्स’ हा दुभाषी आणला. खेळाच्या फायली एका फोल्डरात ठेविल्या आणि ‘माउंट’ ही आज्ञा देऊन हाच ‘सी’ ड्राइव्ह होय, असे त्यास बजाविले. त्या काळच्या अनेक खेळांची गती यंत्राच्या वेगावर अवलंबून असे, म्हणून नव्या यंत्रावर ते भरधाव सुटतात. कंट्रोल व एफ-११ या कळा एकत्र दाबल्या, म्हणजे डॉसबॉक्सचा वेग उतरतो.

खेळात मंत्रांची सामग्री विकणारी एक आंधळी बाई आहे. ती किंमत सांगते. किती द्यावयाचे ते खेळणाराने ठरवावयाचे. नातवाने कमी दिले. तिने ते निमूटपणे घेतले. संगणकही गप्प राहिला. पुढे राजवाड्यातील द्रष्ट्याने मात्र त्याच्या सचोटीचा हिशेब तोंडावर मांडला.

नातू बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, “आजोबा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का?”