सुरुवात पगारपत्रकापासून कर

पुणे

चि. मुक्ता,

तुझी लायबेरियाची नेमणूक पक्की झाल्याचं दादाने कळवलं. पाठोपाठ वहिनीचा फोन, ‘अहो वन्सं, तिथे अजून गोळ्या झाडतात का?’ तिला सांग, ते युद्ध २००३च्या ऑगस्टमध्ये अक्राच्या करारानं संपलं. दादाला मात्र डॉ. कोटणीस आठवलेत आणि तो ते चारचौघांत सांगत सुटणार. त्याला आत्ताच आवर. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते चालू लढाईत जखमींवर शस्त्रक्रिया करायला, आणि १९४२ साली तिथेच वारले. तू निघाली आहेस ती लढाई संपून वीस वर्षं उलटल्यावर, औषधपुरवठ्याच्या कामाला. शांतारामबापूंनी कोटणीसांवर सिनेमा काढला, तसा तुझ्यावर कोणी काढणार नाही. काढायची पाळी आली तर तुझं काहीतरी चुकलंय असं समज.

१९८९च्या डिसेंबरात लायबेरियाच्या निंबा काउंटीतून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातून, लढाई सुरू झाली, १९९७च्या निवडणुकीनंतर थोडी थांबली आणि १९९९पासून पुन्हा पेटली. संपली तेव्हा तीस लाखांच्या देशात डॉक्टर उरले होते पन्नासच्या आसपास. युद्धापूर्वीच्या २९३ सरकारी दवाखान्यांपैकी २४२ बंद पडलेले. पत्रे, खाटा, नळ, वायरी, जे उचलून नेता येईल ते नेलेलं. हे आकडे तुला कुठल्याही अहवालात पहिल्या पानावर सापडतील. पण इमारत पडली की ती सगळ्यांना दिसते, फोटो निघतो, देणगी येते, कोनशिला बसते. ज्या नर्सबाई चौदा वर्षं जंगलातून, छावणीतून, कधी या बाजूच्या तर कधी त्या बाजूच्या बंदूकवाल्यांसमोर बाळंतपणं करत राहिल्या, त्यांचा फोटो निघत नाही. त्यातल्या कितीतरी जणींचं नाव युद्धानंतरही सरकारी पगारपत्रकात नव्हतं. परदेशी संस्था देईल तो भत्ता हाच पगार. संस्था गेली की भत्ताही गेला.

म्हणून पहिल्या आठवड्यात तुझ्या काउंटीचं पगारपत्रक मागून घे. औषधांचं काम आणि पगाराचा काय संबंध, असं तुझे साहेब विचारतील. संबंध आहे. ज्याला चार महिने पगार नाही त्याच्या हाती तू औषधांच्या कपाटाची किल्ली देणार आहेस. पत्रकात कोणाची नावं आहेत आणि ती माणसं आहेत का, कोण रोज येतंय आणि त्याचं नाव कुठेच नाही, हे कळल्याशिवाय तुझा साठ्याचा हिशेब जुळणार नाही. आणि न जुळलेल्या हिशेबाला लगेच ‘चोरी’ हे नाव देऊ नकोस. आपल्याकडे नंदुरबारच्या आरोग्य केंद्रात असताना मी औषधचोरीचे किती आरोप पाहिले, ज्यात चोर म्हणजे नुसता पावसाळा होता. लायबेरियातला पाऊस तर आपल्या कोकणालाही मागे टाकतो. मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडचे रस्ते चिखलात बुडतात आणि ट्रक जिथे रुततो तिथेच राहतो. साठा जायचा तो मार्चअखेर गेला पाहिजे, एवढं गाठीला बांधून ठेव.

युद्धानंतरची पहिली काही वर्षं बहुतेक दवाखाने बाहेरच्या संस्थाच चालवत होत्या. त्यांनी जीव वाचवले, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण घर आवरायला आलेल्या पाहुण्यांनी भांडी आपापल्या पद्धतीनं लावून निघून जावं आणि घरच्या बाईला दुसऱ्या दिवशी चहाची गाळणी सापडू नये, तसं झालं. मी लायबेरियात कामाला होते तेव्हा बाँग काउंटीतल्या एका दवाखान्याच्या प्रमुखाच्या टेबलावर तीन वह्या असायच्या. तिथे प्रमुखाला सगळे ओआयसी, म्हणजे ‘ऑफिसर इन चार्ज’, म्हणतात. बहुधा तो डॉक्टर नसतोच, नर्स किंवा फिजिशियन असिस्टंट असतो. एक वही आरोग्य खात्याची, एक हिवताप कार्यक्रमाची, एक दवाखान्याला मदत करणाऱ्या संस्थेची. हिवतापाच्या गोळ्यांचं खोकं एकच, पण तिन्ही वह्यांत शिल्लक वेगवेगळी, कारण तिन्ही भरायच्या तारखा वेगळ्या. संध्याकाळी पेशंट गेले की हा मनुष्य कंदील लावून तिन्ही वह्या भरत बसे, आणि मग कोणी बाळंतीण आली तर उठे. दर भेटीत कोणी ना कोणी पाहुणा त्याला विचारे, ‘तुमचे आकडे जुळत का नाहीत?’

तुझी संस्था तुला चौथी वही देईल. टॅबलेटवर असेल, चकचकीत असेल, रंगीत आलेख काढत असेल. ती बंद करायला लावण्याइतकं वजन तुझं नाही, हे मला माहीत आहे. पण निदान तिच्यातला आकडा खात्याच्या वहीतून उचल, खात्याच्या वहीला तुझ्या आकड्यामागे धावायला लावू नकोस. खात्याची वही फाटकी असेल तर शिवून दे. साठ्याचं कार्ड संपलं असेल तर पेनानं रेघा मारून नवं कर आणि ते कपाटाच्या आत, त्या त्या औषधापाशी लटकव. हे काम कोणाला सांगण्यासारखं नसतं.

खात्याच्या वहीचा एवढा आग्रह का, तेही ऐक. २००६ साली एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी डॉ. वॉल्टर ग्वेनिगाले यांना आरोग्यमंत्री केलं. हे गृहस्थ फेबे रुग्णालयात वर्षानुवर्षं शल्यचिकित्सक होते. मंत्रालयात बसूनही त्यांना जिल्ह्याचा दवाखाना कसा चालतो ते ठाऊक होतं. ही गोष्ट मला सगळ्या योजनांपेक्षा महत्त्वाची वाटते. त्यांच्या काळात तीन कामं झाली. प्राथमिक सेवेची फी माफ केली. २००७ साली कुठल्या दवाखान्यात किमान काय मिळालंच पाहिजे याची यादी ठरवली. २००८ साली देणगीदारांचा पैसा एका सामाईक निधीत घेऊन तो कुठे जाईल हे ठरवण्यात खात्याला पुढची खुर्ची मिळवून दिली. त्या निधीवर टीका करणारे भेटतील. पैसा हळू सुटतो, कागद फार, अमुक संस्था त्याआधी सहा महिन्यांत दवाखाना उभा करून मोकळी झाली असती. असेल. पण उभा केलेला दवाखाना पाचव्या वर्षी कोणाच्या अंदाजपत्रकात आहे, ते विचार त्यांना.

फी माफीचं मात्र मी तुला एकतर्फी कौतुक सांगणार नाही. कपाट रिकामं असताना फुकट उपचाराला काय अर्थ? बाजाराच्या दिवशी दवाखान्याबाहेर काळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन एक माणूस उभा दिसेल. त्याला तिथे ‘ब्लॅक बॅगर’ म्हणतात. पिशवीत सुट्या गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शनं. तू त्याच्यावर भडकशील, आणि त्याची औषधं खरोखरच भयंकर असतात. पण तो बोलावलं की येतो, उधारी ठेवतो, बाईला दोन तास बाकावर बसवून ‘स्टॉक नाही’ म्हणून परत पाठवत नाही. तुझी खरी स्पर्धा त्याच्याशी आहे. त्याच्या पिशवीत काय आहे ते एकदा बघ. तुझ्या कपाटातून काय संपलंय ते तुला कुठल्याही अहवालाआधी तिथे कळेल.

आता एबोलाबद्दल. मार्च २०१४मध्ये लोफा काउंटीत पहिले रुग्ण सापडले, आणि संपेपर्यंत लायबेरियात १० हजारांवर रुग्ण झाले, ४,८००हून जास्त माणसं गेली. त्यात आरोग्य कर्मचारी १९०च्या आसपास. ज्या देशात डॉक्टर-नर्स बोटांवर मोजावे लागत होते, तिथे! हातमोजे नव्हते, पाणी नव्हतं, हे सगळे सांगतात. त्याहून कमी सांगितलं जातं ते हे, की ऐन साथीत, ऑक्टोबर २०१४मध्ये, कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं जोखीम भत्त्यासाठी संपाची हाक दिली. बाहेरची वर्तमानपत्रं हादरली. मला त्यात हादरण्यासारखं काही दिसलं नाही. पगाराची तक्रार साथीच्या आधीपासूनची होती, साथीनं ती फक्त जगाच्या कानावर घातली. आणि बरेच जण तरीही कामावर गेले.

लोकांचा विश्वास हा त्यातला दुसरा भाग. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजधानी मोनरोव्हियातल्या वेस्ट पॉइंट वस्तीला सैन्यानं वेढा घातला, दंगल झाली, गोळीबारात एक पोरगा मेला. युद्ध पाहिलेल्या लोकांसमोर आजाराच्या नावानं पुन्हा बंदूक उभी केल्यावर दुसरं काय होणार? साथ उतरू लागली ती वस्त्यांतल्या माणसांनी स्वतः घरोघर फिरून आजारी शोधायला सुरुवात केल्यावर, हे तिथले लोक अभिमानानं सांगतात. ऐकून घे. त्यांना मध्येच तोडून साथरोगशास्त्र समजावू नकोस, तुला ती सवय आहे.

त्या अनुभवातून २०१६ साली एक चांगली गोष्ट निघाली. दवाखान्यापासून पाच किलोमीटरच्या पलीकडच्या गावांसाठी त्याच गावातली माणसं प्रशिक्षण देऊन नेमली, आणि त्यांना महिना ७० डॉलर ठरवून दिले. यामागे खात्याबरोबर ज्या संस्थेचं काम होतं ती काढणाऱ्यांत राज पंजाबी होते. भारतीय वंशाचे, लायबेरियात जन्मलेले, नवव्या वर्षी युद्धातून पळालेले. आपल्या आशाताई अजून मानधनासाठी आझाद मैदानात बसतात, हे तिथे कोणाला शिकवायला जाण्यापूर्वी आठव. या बाबतीत तू शिकायला चालली आहेस.

भारतीय म्हटल्यावर तुझं स्वागत बरं होईल. २००७पासून नऊ वर्षं आपल्या महिला पोलिसांची तुकडी संयुक्त राष्ट्रांतर्फे मोनरोव्हियात होती, लोक अजून त्यांची आठवण काढतात. ‘हाऊ द बॉडी?’ असं विचारलं की ‘ट्राइंग स्मॉल’ म्हणायचं. लगेच कामाचं बोलायचं नाही, आधी घरच्यांची चौकशी.

यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घे आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेव. मच्छरदाणी इथून नेऊ नकोस, तिथे मिळते. कार्बन पेपर मात्र दोन पुडकी ने. आणि पोहोचलीस की काउंटीच्या फार्मासिस्टला भेटल्याशिवाय तुझ्या संस्थेच्या गोदामाची चावी घेऊ नकोस. कपाटं कशी लावायची ते आधी त्याला विचार, मग मला लिही.

तुझी,
आत्या