गोलाई जुळली, चाक जुळलं नाही

सिल्लेवानी घाटात रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या गाडीचं डावं पुढचं चाक खड्ड्यात आपटलं. श्रावणातला पाऊस होता, खड्डा पाण्याने भरलेला, दिसलाच नाही. छिंदवाड्याहून सौंसरला परतत होतो. बायको शेजारी, आठ वर्षांची मुलगी मागे झोपलेली. आवाज एवढा मोठा झाला की ती रडतच उठली. उतरून बॅटरी मारली, तर टायरच्या बगलेला बोटभर चीर पडलेली आणि रिमची कड आत दबलेली.

स्टेपनी होती. जॅक होता, पाना होता. चाक बदलणं मला नवं नाही, वीस मिनिटांचं काम. फाटलेलं चाक काढलं, स्टेपनी चढवली, पहिला बोल्ट फिरवला आणि हात थांबला. बोल्ट चाकाच्या वाटीत बसतच नव्हता, नुसता कडेला टेकत होता. तेव्हा आठवलं: या गाडीचे मूळ बोल्ट घरी कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले आहेत.

भावाला फोन लावला. तो पावसात मोटरसायकलवर बोल्ट घेऊन पोचेपर्यंत सव्वा तास गेला. त्या सव्वा तासात वळणावरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या दिव्यांकडे पाहत मी मुलीचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभा होतो. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत आणि तिकडे नागपूरपर्यंत किती तरी मुलं गाडी घेतली की महिन्याभरात मोठी चाकं लावतात. ज्याला लावायची असतील त्याने हे आधी वाचावं, म्हणून लिहितो आहे.

माझी गाडी २०१४ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, जुनी घेतलेली. दिसायला घरगुती, पण १०५ अश्वशक्तीचं टर्बो इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. आमच्या भागात हीच स्पोर्ट्स कार. कंपनीने तिला १८५/६० आर १५ टायर दिले होते. मला ते बारीक वाटायचे. नागपूरला एका दुकानात १७ इंची मॅगव्हील पाहिली आणि मन तिथेच अडकलं.

मी काही डोळे मिटून घेतली नव्हती. हिशेब केला होता. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचांत. १८५ चे साठ टक्के म्हणजे १११ मिलिमीटर. ते वर-खाली दोनदा धरायचे, २२२. त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की चाकाची पूर्ण उंची ६०३ मिलिमीटर. नवा टायर २१५/४० आर १७ होता. २१५ चे चाळीस टक्के ८६, दुप्पट १७२, अधिक १७ इंचांचे जवळजवळ ४३२. एकूण ६०४. एका मिलिमीटरचा फरक! स्पीडोमीटर तेवढाच अचूक राहणार, गिअरचं गणित बिघडणार नाही. बहुतेक लोक इथेच थांबतात. मीही थांबलो.

त्याच हिशेबात दिसत होती अशी एक गोष्ट मी पाहिली नाही. १११ चे ८६ झाले. रस्ता आणि धातू यांच्यामध्ये जी हवेची गादी असते, ती २५ मिलिमीटरने पातळ झाली. मुंबई-पुण्याच्या द्रुतगती मार्गावर त्याने कदाचित काही बिघडलं नसतं. आमच्याकडे पावसाळ्यात साइडपट्टी खचते, कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉलीने डांबर उखडतं, आणि गावात शिरताना रंग उडालेला गतिरोधक अंधारात ऐन वेळी दिसतो. इथे ती गादीच गाडीला वाचवते.

वजनाचा आकडाही वाचला नाही. टायरवर मापाच्या पुढे दोन अंक आणि एक अक्षर असतं, माझ्या जुन्या टायरवर ८४ एच होतं. ८४ म्हणजे एक टायर ५०० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालतो. रुंद टायर जास्त वजन पेलणार असं कुणालाही वाटेल. पण २१५/४० आर १७ साध्या बांधणीत ८३ चा येतो, म्हणजे ४८७ किलो. जुन्यापेक्षा कमी! त्याच मापात एक्स-एल लिहिलेला घेतला तर ८७, म्हणजे ५४५ किलो. मला दुकानदाराने एक्स-एल दिला, चांगलंच केलं. पण ते ५४५ किलो पूर्ण हवेवर असतात, ४२ पौंडांवर, आणि साध्या टायरची पूर्ण क्षमता ३६ वरच मिळते. मी पेट्रोलच्या झाकणाआतल्या स्टिकरवरची हवा भरत राहिलो. ती हवा कंपनीच्या टायरसाठी लिहिलेली होती, माझ्या नव्या टायरसाठी नव्हती. कमी हवेवर पातळ बगल, आणि समोर खड्डा. घाटात जे झालं ते त्या दिवशीचं नव्हतं. दुकानातच ठरलं होतं.

घाटाच्याही आधी, २०२३ च्या पोळ्याला पहिली सूचना मिळाली होती. मावशी पांढुर्ण्याला राहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा असते, तेव्हा त्या बाजूला गाडी शिरणं अशक्य, म्हणून आम्ही पोळ्याच्या दिवशीच जाऊन यायचं ठरवलं. गाडीत पाच माणसं, डिक्कीत सामान. सौंसर सोडल्यापासून प्रत्येक उंचवट्यावर मागून खर्रकन आवाज यायचा. पांढुर्ण्यात पोचलो तेव्हा जळक्या रबराचा वास येत होता. मावशीच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्या काकांनी खाली वाकून बोट घातलं.

"भाऊ, हे चाक बाहीर आलं न. पाहा, बोट तरी जाते काय मंधात? माप घेतलं व्हतं काय कोनी?"

"घेतलं होतं काका. उंची बरोबर आहे."

"उंची बरोबर असन. पण चाक आडवं किती सरकलं, थे कोनं पाह्यलं?"

ते कुणीच पाहिलं नव्हतं. माझं मूळ रिम ६ इंच रुंद होतं, आतून ईटी ४० कोरलेलं. नवं साडेसात इंच, ईटी ३५. ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ते जिथे हबला टेकतं तिथपर्यंतचं अंतर. हा आकडा जितका लहान, चाक तितकं बाहेर. रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे ३८ मिलिमीटर, त्यातले १९ बाहेर आणि १९ आत. ईटी पाचने कमी झाला म्हणून आणखी ५ बाहेर. एकूण चाक २४ मिलिमीटर बाहेर आलं आणि १४ आत गेलं. गाडी रिकामी असताना अडत नव्हतं. मागे तीन माणसं बसली की फेंडरची कड टायर कापायला लागायची. दुकानात गाडी रिकामीच उभी असते, म्हणून तिथे सगळं छान दिसतं. चाक लावून पाहायचं असेल तर मागच्या सीटवर तीन धट्टीकट्टी माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, एखाद्या गतिरोधकावरून नेऊन पाहावं. दुकानदार नको म्हणाला तर चाकही नको म्हणावं.

तिसरा त्रास थरथरण्याचा. ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, पैसे गेले, थरथर गेली नाही. उत्तर माझ्या घरात दोन पिढ्या आधीच होतं. आबाजींची बैलगाडी होती. सुतार नवं चाक करायला आला की आधी तुंब्याचं भोक आणि आसाचं टोक मोजायचा, धाव किती मोठी हे त्यानंतर. तुंबा आसावर सैल बसला तर चाक लचकत चालणार, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. मोटारीतही तसंच आहे. पोलोच्या हबचा मधला गोल उंचवटा ५७.१ मिलिमीटरचा. बाजारातली मॅगव्हील पुष्कळ गाड्यांना चालावीत म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात. माझ्या चाकांचं ७३.१ होतं, म्हणजे चारी बाजूंनी ८ मिलिमीटर मोकळं. मधल्या जागेत बसणाऱ्या कड्या मिळतात, बाहेरून ७३.१ आणि आतून ५७.१. चार कड्या काही शे रुपयांत आल्या आणि थरथर त्याच दिवशी थांबली. तोवर चार महिने चाक केवळ बोल्टांच्या भरवशावर मध्यावर राहायची धडपड करत होतं.

आता बोल्टांकडे येतो, कारण जीव तिथेच टांगलेला असतो.

पोलोला पाच बोल्ट, आणि त्यांची भोकं १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. याला पीसीडी म्हणतात, ५ बाय १००. भोकांची संख्या चुकली तर चाक बसतच नाही, फसगत होत नाही. फसगत होते ती जवळच्या आकड्यात. फियाटच्या पुंटो आणि लिनियाला चार बोल्ट, पण वर्तुळ ९८ चं. बाजारात चार भोकांची जवळपास सगळी चाकं १०० ची. दोन मिलिमीटरचा फरक, जोर लावला की बोल्ट जातो. पण तो तिरका जातो, अर्ध्या अंगाने टेकतो, आणि चालता चालता सैल होतो. १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो जवळ असलेल्या एका ओळखीच्या मुलाची चाकं मी अशी लावलेली पाहिली आणि त्याला गाडी तिथेच उभी करायला लावली.

दुसरी गोष्ट बोल्टाच्या बैठकीची. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टाचं बूड गोल असतं, चेंडूचा तुकडा असावा तसं. बाजारातली बहुतेक मॅगव्हील शंकूच्या आकाराच्या बोल्टासाठी केलेली असतात. गोल बूड शंकूच्या वाटीत किंवा शंकू गोल वाटीत घातला की धातूला धातू एका बारीक रेघेवरच टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण काही किलोमीटरांत रेघ झिजते आणि बोल्ट सैल. मला नव्या चाकांबरोबर शंकूचे बोल्ट मिळाले होते, ते बरोबरच होतं. पण स्टेपनी जुनी, लोखंडी, गोल बैठकीची. म्हणजे ज्याच्याकडे अशी चाकं आहेत त्याच्या गाडीत दोन प्रकारचे बोल्ट कायम असायलाच हवेत. घाटात एका टेम्पोवाल्या दादांनी थांबून मदत केली. ते म्हणाले, "हळूहळू जा, सौंसरपर्यंत काही होत नाही." चांगल्या मनानेच म्हणाले. मी ऐकलं नाही, आणि आयुष्यात घेतलेल्या शहाण्या निर्णयांत मी तो धरतो.

बोल्ट आवळायला टॉर्क पाना वापरा, पोलोला १२० न्यूटन-मीटर. दुकानातली हवेची गन कधी कमी, कधी प्रमाणाबाहेर आवळते. आणि नवी चाकं लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने पुन्हा एकदा पाना लावून पाहा. सौंसरहून पांढुर्ण्याला जाऊन आलात की तेवढं अंतर होतंच.

चाक घेताना रिमच्या आत नीट पाहा. जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए हे शिक्के जपानी चाचण्यांचे आहेत. शिक्का खोटा असू शकतो, पण रुंदी, ईटी, पीसीडी, वजनाची मर्यादा यातलं काहीच कोरलेलं नसलेलं रिम कितीही देखणं असलं तरी घेऊ नका. टायरच्या बगलेवर चार अंकी तारीख असते, २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर नवाच दिसतो. आणि बगलेला फुगा आला तर आतले धागे तुटलेले असतात. त्याला इलाज नाही, पॅच नाही, उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर तर अजिबात नाही. टायर बदला.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. चाकाचं माप बदलण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

मग काय लावावं? मी आज मूळ १५ इंची रिमवर १९५/६० आर १५ वापरतो. रुंदी दहा मिलिमीटरने जास्त, बगल १११ ऐवजी ११७, म्हणजे गादी उलट जाड झाली. वजनाचा आकडा ८८, ५६० किलो. उंची ६१५, दोन टक्के जास्त, म्हणजे काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा दोनेक किलोमीटर पुढे असते. ते मी लक्षात ठेवतो. वळणावर गाडी आधीपेक्षा घट्ट धरते, आणि जामसावळीच्या मारुतीला जाताना मागे तीन माणसं बसली तरी काही घासत नाही. ज्याला १६ हवंच असेल त्याने कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या किंवा नंतरच्या मॉडेलला काय दिलं ते पाहावं. तिथे कंपनीच्या लोकांनी खड्डेही मोजलेले असतात.

ती १७ इंची चाकं विकायला काढली होती. तीन चांगली, एक सरळ करून घेतलेलं, आणि ते मी आधीच सांगायचो. मागच्या महिन्यात लोधीखेड्याहून एक मुलगा आला. त्याच्या गाडीचा पीसीडी मोजला, ११४.३ निघाला. तो म्हणाला, "काका, मधात अ‍ॅडॉप्टर टाकून घेतो, मित्राच्या गाडीला तसंच आहे." हातात पैसे होते त्याच्या, आणि गाडीच्या मागच्या काचेतून लहान मुलाची सीट दिसत होती. मी त्याला चहा पाजला, त्याच्या चाकाची सगळी मापं एका कागदावर लिहून दिली आणि चाकं परत आत ठेवली.