सौम्य पाते म्हणजे बोथट पाते नव्हे

आषाढातली सकाळ. लोणावळ्यात चार दिवस पाऊस उघडलेला नाही. बाबांना पुण्याला जाणारी लोकल गाठायची आहे. ते गालांवर घाईने पाणी मारतात, साबणाचा फेस फासतात आणि न्हाणीघराच्या फळीवरचा रेझर उचलतात. दुसऱ्याच ओढीला हनुवटीवर रक्ताचा ठिपका! "या ब्लेडला फारच धार आहे. उद्या जरा सौम्य ब्लेड आणतो," असे पुटपुटत ते तुरटीचा खडा शोधू लागतात.

मित्रांनो, बाबांचे हे निदान बरोबर आहे का? पात्याला धार जास्त होती म्हणून कापले, की कमी होती म्हणून? तुमच्यापैकी काहींना नुकतीच मिसरूड फुटू लागली असेल. काहींना तिची वाट पाहायला अजून अवकाश असेल. मुलींनाही घरातल्या माणसांचे हे रोजचे काम दिसतेच. साधे दोन धारांचे ब्लेड, पण ते कसे निवडावे हे कळण्यासाठी आपल्याला केसाचे, पाण्याचे आणि पोलादाचे थोडे विज्ञान जाणून घ्यावे लागेल.

केस आणि पाणी

आधी केसाकडे पाहू. आपले केस, आपली नखे आणि गाईच्या शिंगांची बाहेरची आवरणे ही सगळी केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. केराटिनचे लांबलचक रेणू एकमेकांना अनेक प्रकारच्या बंधांनी जखडलेले असतात. त्यांतले काही बंध पक्के असतात, तर काही नाजूक. या नाजूक बंधांना हायड्रोजन बंध म्हणतात. केसात पाणी शिरले की पाण्याचे रेणू या बंधांच्या जागी घुसतात आणि रेणूंची पकड सैल होते. केस फुगतो, थोडा लांबतो आणि मऊ पडतो. वाळल्यावर पुन्हा पूर्ववत होतो.

केसाच्या या गुणाचा उपयोग होरेस द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये मोठ्या चातुर्याने केला. त्याने मानवी केस ताणून त्याला एक काटा जोडला. हवा दमट झाली की केस लांबे आणि काटा सरके. हाच केसाचा आर्द्रतामापक. पुढे हवामान केंद्रांत अशी यंत्रे कित्येक वर्षे वापरली गेली. अगदी कोरड्या हवेपासून अगदी दमट हवेपर्यंत केसाची लांबी शेकडा दोन-अडीचने वाढते. म्हणजे पावसाळ्यात लोणावळ्याच्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर हजारो आर्द्रतामापक असतात म्हणा ना!

दाढीचा केस डोक्यावरच्या केसापेक्षा जाड आणि राठ असतो. तो कोरडा असताना कापायला जोर लागतो, भिजल्यावर तो जोर बराच कमी होतो. पण पाणी केसात शिरायला वेळ लागतो. नुसते तोंड ओले करून भागत नाही. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे तरी केस भिजू द्यावे लागतात. केसावर तेलकट थर असतो, तो साबणाने निघतो. फेसाचे दुसरे काम म्हणजे ते पाणी केसाजवळ धरून ठेवणे. फेस वाळला की केसही पुन्हा कडक होऊ लागतो. आपल्या गोष्टीतल्या बाबांची पहिली चूक आता तुमच्या लक्षात आलीच असेल.

करून पहा : सारख्या आकाराच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत उघड्यावर भांडे ठेवून धरलेले पावसाचे पाणी घ्या, दुसरीत तेवढेच बोअरवेलचे पाणी. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका, बूच लावून वीस वेळा हलवा आणि फेसाची उंची मोजा. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जवळजवळ नसतात, म्हणून फेस लवकर येतो. जमिनीतल्या पाण्यात हे क्षार विरघळलेले असतील, तर साबणाचा काही भाग त्यांच्याशी संयोग पावून पांढरट साका होतो आणि फेस कमी येतो. तुमच्या बोअरवेलचे पाणी किती कठीण आहे, ते तुम्हांला असे घरीच कळेल. एकाच साबणाचा आणि एकाच पात्याचा अनुभव दोन गावांत वेगळा येतो, याचे एक कारण या बाटल्यांत आहे.

पाते कसे घडते

पूर्वी दाढी वस्तऱ्याने होई. धोकटी काखेत मारून नाभिक घरोघर जात. वस्तरा दगडावर लावून, चामड्याच्या पट्ट्यावर घासून ते त्याची धार राखत. धार राखणे हीच मोठी कला होती. अमेरिकेतील किंग कँप जिलेट या फिरत्या विक्रेत्याच्या मनात १८९५ मध्ये विचार आला, की धार राखायचीच नाही, पाते बोथट झाले की टाकून द्यायचे, असे का करू नये? त्यासाठी पाते पातळ व स्वस्त हवे. पण इतक्या पातळ पोलादी पट्टीला कठीणपणा व धार आणता येणार नाही, असे जाणकारांचे मत पडले. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ती अडचण सोडवली. १९०३ मध्ये जिलेटचे फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी विकल्या गेलेल्या रेझरांची संख्या नव्वद हजारांवर गेली! आपल्याकडेही ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये 'विद्युत मेटॅलिक्स' या कारखान्यात अनेक वर्षे 'सुपरमॅक्स' पाती तयार होत असत.

असे पाते सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असते. ते ज्या पोलादाचे करतात, त्यात शेकडा सुमारे १३ भाग क्रोमियम आणि शेकडा अर्ध्याहून थोडा अधिक कार्बन असतो. पट्टी तापवून एकदम थंड केली की पोलाद अतिशय कठीण होते. मग कडा टप्प्याटप्प्याने घासून तिला धार आणतात. शेवटी धारेवर अत्यंत पातळ लेप चढवतात. न चिकटणाऱ्या तव्यावर जो पदार्थ असतो, त्याच जातीचा हा लेप. त्यामुळे पाते केसातून सहज सरकते. असा लेप दिलेली न गंजणाऱ्या पोलादाची पाती १९६० नंतरच्या दशकात जगभर पसरली.

मऊ केस कठीण पोलादाला हरवतो!

मळवली स्टेशनावर उतरून तुम्ही कार्ल्याची लेणी पाहिली असतील. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी काळ्या कठीण बेसाल्टमध्ये छिन्नीने ते भव्य चैत्यगृह कोरले गेले. दगड फोडताना छिन्नीची धार जाते, हे सहज पटते. पण केस तर पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ! मग काही दिवसांत ब्लेड बोथट का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. जियानलुका रोशिओली या विद्यार्थ्याने स्वतःचीच दाढी केली आणि प्रत्येक वेळी पात्याची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धार घासून गोल झाली असेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात धारेचे बारीक टवके उडालेले दिसले! अधिक तपासणी केल्यावर उलगडा झाला. पोलाद आतून सगळीकडे सारखे नसते. काही जागी त्याची रचना थोडी वेगळी असते. अशा नाजूक जागी केसाची कड भिडली आणि केस सरळ न राहता वाकून तिरपा झाला, तर तेथे सगळा ताण एकवटतो. तिथे चीर पडते आणि टवका निघतो.

आता बाबांच्या प्रश्नाकडे परत येऊ. टवके उडालेली धार केस साफ कापत नाही, ओढते. केसाच्या मुळाशी मज्जातंतू असतात, म्हणून आग होते. केस कापला जात नाही म्हणून माणूस हात दाबतो, त्याच जागी तीनतीनदा पाते फिरवतो. दाबल्यामुळे कातडी पात्यापुढे उचलली जाते आणि तिचा वरचा थर, जो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाच जाड असतो, खरवडला जातो. म्हणजे रक्त बहुधा जास्त धारेने नव्हे, तर कमी धारेमुळे लावलेल्या जास्त जोराने येते. सौम्य पाते म्हणजे बोथट पाते नव्हे. कमी जोरात साफ कापते ते सौम्य पाते.

सौम्यपणा आणखी दोन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली म्हणजे रेझरची घडण. रेझरच्या वरच्या झाकणाखाली पाते किंचित वाकवून घट्ट धरलेले असते. झाकणाच्या कडेबाहेर धार किती डोकावते, हे रेझर ठरवतो. तेच पाते एका रेझरमध्ये सौम्य आणि दुसऱ्यात तिखट वाटते ते म्हणूनच. दुसरी गोष्ट हाताचा कोन. पाते कातडीशी साधारण ३० अंशांचा कोन करून, स्वतःच्या वजनाने, केसांच्या दिशेने खाली सरकावे.

मग निवड कशी करायची?

कामशेत किंवा वडगावच्या बाजारात दुकानदार चार तऱ्हेची पाकिटे पुढे ठेवील. वेष्टनावर 'सौम्य' लिहिलेले असले म्हणून विश्वास ठेवायचा का? विज्ञान सांगते, करून पहा. पण प्रयोगाचा एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रेझर तोच, साबण तोच, पाणी तेच, भिजवण्याची मिनिटे तीच. बदलायचे ते फक्त पाते.

घरच्या मोठ्या माणसांच्या मदतीने असे करा. ब्लेड हाताळायचे काम मोठ्यांचेच, बरे का! दोन-तीन तऱ्हेची पाती आणा. आईने रेझरमध्ये पाते बसवून द्यावे आणि त्याचे नाव बाबांना सांगू नये. नाव ठाऊक असले की मन आधीच निकाल देते. तुम्ही वहीत चार रकाने आखा : कितवी दाढी, केस ओढले गेले का, किती जागी कापले, तासाभराने आग होते का. प्रत्येक पात्याच्या तीन-चार दाढ्या झाल्या की तुलना करा. एका दाढीवरून निष्कर्ष काढू नका. आणि हे लक्षात ठेवा, की बाबांना सौम्य ठरलेले पाते मामांना सौम्य ठरेलच असे नाही. दोघांचे केस आणि कातडी वेगळी आहे.

पाऊस आणि गंज

लोणावळ्यात वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात जेमतेम सातशे. आषाढ-श्रावणात न्हाणीघरातली भिंतसुद्धा वाळत नाही, मग पाते कसे वाळणार? "पण ब्लेड तर न गंजणारे!" असे तुम्ही म्हणाल. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पोलादावर संरक्षक पापुद्रा तयार होतो, हे खरे. परंतु कठीणपणासाठी घातलेला कार्बन काही क्रोमियम अडकवून ठेवतो. म्हणून ब्लेडचे पोलाद स्वयंपाकघरातल्या स्टीलइतके गंजरोधक नसते.

करून पहा : ब्लेड वेष्टनातून न काढता त्याला लोहचुंबक लावा. ते चिकटेल. आता तोच चुंबक स्टीलच्या पेल्याला लावा. बहुतेक पेल्यांना तो चिकटणार नाही. दोन्ही 'स्टेनलेस'च, पण जात वेगळी.

तेव्हा दाढीनंतर रेझर धुऊन झटकावा आणि न्हाणीघराबाहेर, हवेशीर कोरड्या जागी ठेवावा. धार पंचाने पुसू नये. लेप खरवडतो आणि बोटही कापते.

एकाचे पाते दुसऱ्याला नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाते कितीही सौम्य असो, दाढी करताना डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतातच. पात्यावर राहिलेल्या रक्ताच्या सूक्ष्म अंशातून हेपटायटिस बी आणि सी या यकृताच्या आजारांचे विषाणू दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतात. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून भावाभावांतही एकच ब्लेड वापरू नये. तुरटी लहान जखमेतले रक्त थांबवते, पण ती विषाणू मारील या भरवशावर राहू नका. तुरटीचा खडाही प्रत्येकाचा वेगळा असावा. सलूनमध्ये कारागीर ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धे वस्तऱ्यात बसवतात. ते अर्धे ब्लेड आपल्यासमोर नवे काढायला सांगण्यात संकोच कसला? चांगला कारागीर ते न सांगताच करतो.

आणि वापरलेले ब्लेड? ते कचऱ्याच्या पिशवीत तसेच टाकले, तर कचरा वेगळा करणाऱ्या मावशींच्या हातात शिरते. आपण त्यांना पाहत नाही, पण आपले ब्लेड त्यांना नेमके सापडते. पुण्यात या कष्टकऱ्यांनी १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभारली. त्यांचे हात सुरक्षित ठेवणे आपल्यापासून सुरू होते. एका रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला मोठ्यांकडून चीर पाडून घ्या, त्यावर 'जुनी ब्लेडे' असे ठळक लिहा. डबा भरायला काही वर्षे लागतील. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून, काय आहे ते सांगून हाती द्या.

उद्या सकाळी बाबा रेझर उचलतील तेव्हा त्यांना एवढेच विचारा, "बाबा, केस भिजून तीन मिनिटे झाली का?" कदाचित नवे ब्लेड आणायची गरजच पडणार नाही.

विचार करा

१. दाढी अंघोळीनंतर करणे सोयीचे का ठरते?
२. बाबांनी पाते आणि साबण एकाच दिवशी बदलले व दाढी चांगली झाली. श्रेय कोणाला द्याल? का?
३. तळेगावच्या मानाने लोणावळ्यात ब्लेड लवकर गंजते का, हे तपासण्यासाठी प्रयोग कसा मांडाल?