भूक पोटाची की अडलेल्या मनाची?

दिल्लीच्या सरोजिनी नगरात राहून मंडळाच्या गणेशोत्सवासाठी नाटुकले लिहायला बसला असाल, तर हा अनुभव आपल्या परिचयाचा असेल. तिसऱ्या प्रवेशात लेखणी अडते आणि पाय बाजारातल्या गोलगप्प्यांकडे, नाहीतर घरातल्या चिवड्याच्या डब्याकडे वळतात. जेवून तासही झालेला नसतो!

विश्रांती घेण्यात दोष नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातील 16 वा श्लोक अति खाणे आणि मुळीच न खाणे, दोन्ही योगाला बाधक मानतो. 17 वा श्लोक आहार आणि विहार प्रमाणात ठेवायला सांगतो. म्हणून प्रश्न खाण्याचा नाही, मनाच्या पळण्याचा आहे. खरी भूक साध्या पोळीनेही शमते. कंटाळलेल्या मनाला चटकदारच हवे असते.

पुढच्या वेळी असे करून पाहा. उठण्यापूर्वी नेमके कुठे अडले, ते एका ओळीत लिहून ठेवा. पाणी प्या, दहा मिनिटे चाला. तरीही भूक असेल, तर वाटीत काढून, मोबाइल दूर ठेवून, शांतपणे खा. मग त्याच ओळीपासून पुन्हा सुरुवात करा. मन पळाले तरी त्याला परत आणणे, हीच साधना आहे.