इंजिन बंद असतां ट्रॅक्टरचे दिवे कसे चालवावे

रात्रीं पिकास पाणी देतांना किंवा खळ्यावर माल भरतांना ट्रॅक्टरचें इंजिन बंद ठेवून दिवे चालू राहावेत, अशी शेतकऱ्याची गरज असते. केवळ उजेडासाठीं इंजिन चालविणें म्हणजे डिझेल फुकट जाळणें होय. परंतु ज्या बॅटरीवर दिवा लागतो, तिच्यावरच सकाळीं इंजिन सुरू व्हावयाचें असतें. ही गोष्ट विसरल्यास काय होतें, तें आम्हीं एकदां ऐन रब्बीच्या पेरणींत अनुभविलें. रात्रीं उसास पाणी देतांना दिवे पहाटेपर्यंत चालू राहिले. सकाळीं किल्ली फिरवितांच स्टार्टर नुसता 'टक' वाजला, आणि वापशाचा अर्धा दिवस दुसरी बॅटरी मिळविण्यांत गेला. म्हणून जोडणी व हिशेब हीं दोन्हीं येथें सांगतों.

जोडणी.— किल्लीच्या तारांपैकीं एकींत वीज नेहमीं असते. दुसरींत ती किल्ली फिरविल्यावरच येते. दिवा दुसऱ्या तारेवर असेल तर किल्लीबरोबर विझतो. प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडावें. नंतर धन टोकापासून नवी तार घेऊन वीतभर अंतराच्या आंतच फ्यूज बसवावा; पुढें रिले व शेवटीं दिवा जोडावा. रिलेचें बटन फ्यूजच्या पुढें याच तारेवर घ्यावें. किल्लीच्या तारेवर घेतल्यास मूळ अडचण कायम राहील. दिव्याची दुसरी तार चेसिसच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडास लावावी. फ्यूजवांचून तार पत्र्यावर घासून उघडी पडल्यास आग लागण्याची भीति असते. येथें काटकसर करूं नये.

हिशेब.— ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारें ९ अँपिअर प्रवाह घेतात. त्यांस १५ अँपिअरचा फ्यूज व २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करूं नये. म्हणजे हे दिवे फार तर चार तास चालतील. बॅटरी जुनी असल्यास दोनच तास धरावे. १८ वॅटचा एलईडी दिवा लावल्यास दीड अँपिअरवर काम भागतें. व्होल्टेज उतरतांच दिवे आपोआप तोडणारें साधन बाजारांत मिळतें. विसराळू माणसानें तें अवश्य बसवावें. बॅटरी वारंवार पूर्ण उतरल्यास तिच्या पट्ट्यांवर गंधकयुक्त शिशाचा कठीण थर बसतो, आणि मग ती पहिल्याइतकी भरत नाहीं.

बियाण्याच्या कणगींतून खाण्यास घेतांना पेरणीपुरतें राखून ठेवण्याची आपली रीत आहे. बॅटरीच्या बाबतींतहि तीच पाळावी.