अप्रेझल झालं की सॅप आठवतं

एप्रिल-मेमध्ये अप्रेझलची पत्रं हातात पडली की माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न ठरलेला: ''सर, दहा वर्षं मार्केटिंगमध्ये काढली, आता सॅप करू का?'' यंदा त्यात वडिलांच्या फोनची भर पडली आहे. मुलगा पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, आणि विचारतात वडील: ''शेजारचा मुलगा हिंजवडीत लागला, आमच्याला कुठला क्लास लावू?'' काका, आधी फोन त्याच्याकडे द्या.

क्लास लावू नका, निदान आधी तरी नको. क्लासवाले सध्या 2027 सालाचा धाक घालतात. धाक खोटा नाही. सॅप म्हणजे कंपनीची विक्री, खरेदी, हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजेच ईआरपी. त्याच्या जुन्या ईसीसी प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्यांची नेहमीची देखभाल 2027 अखेर थांबणार आहे, जादा पैसे मोजले तर 2030 पर्यंत मिळेल. त्यामुळे कंपन्या सॅपच्याच नव्या एस/4हानाकडे वळताहेत आणि कामही आहे. पण ते आहे अनुभवी माणसाला. रोजची बिलं निघणाऱ्या सिस्टीमला तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर कोणी हात लावू देत नाही. मग काही क्लासवाले हळूच सुचवतात, सीव्हीत तीन वर्षांचा अनुभव 'दाखवू'. तुमच्या पीएफचा भरणा कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यात केला, हे तुमच्या पीएफच्या यूएएन क्रमांकावर दिसतं. पडताळणीत पकडले गेलात, तर आधीची खरी दहा वर्षंही संशयात येतात.

सॅपचे भाग, म्हणजे मॉड्यूल, आपल्या कामाप्रमाणे निवडायचे. अकाउंट्सवाल्यांनी एफआय-सीओ पाहावं, खरेदी-स्टोअर्सवाल्यांनी एमएम, कोडिंगची आवड असेल त्यांनी अबॅप. ऑनलाइन कॅम्पेन चालवणाऱ्यांनी सेल्सफोर्सकडे वळावं, त्या कंपनीचं ट्रेलहेड हे संकेतस्थळ फुकट शिकवतं. मला बोलायचंय ते डीलर-डिस्ट्रिब्युटर सांभाळणाऱ्यांशी, कारण आपल्याला काय येतं हे त्यांनाच माहीत नसतं.

'दहा पेट्यांवर एक फुकट' अशी स्कीम तुम्ही चालवली आहे. डीलरने दहा पेट्या मागवल्या, गोदामात सातच निघाल्या. फुकटची पेटी आज जाणार की उरलेल्या तीन गेल्यावर? बिलात ती शून्य किमतीने दिसणार की डिस्काउंट म्हणून? फुटका माल परत आला तर क्रेडिट नोट कोणाच्या सहीने निघणार? क्रेडिट लिमिट संपल्याने अडकलेली ऑर्डर मार्चअखेर कोण सोडवणार? यावर तुम्ही अकाउंट्सशी फोनवर भांडलेले आहात. सॅपच्या एसडी या विक्रीच्या मॉड्यूलमध्ये हेच सगळं बसवायचं असतं. व्हीए01 ला ऑर्डर, व्हीएल01एन ला डिलिव्हरी, व्हीएफ01 ला बिल, हे कोड महिनाभरात तोंडपाठ होतात. सात पेट्यांचा प्रश्न क्लायंटला आधीच विचारायला मात्र बाजारात फिरलेला माणूस लागतो.

म्हणून दार स्वतःच्याच कंपनीत शोधा. ईआरपी बसवताना किंवा बदलताना प्रत्येक खात्यातून एक 'की यूजर' मागतात. सेल्समधून कोणी जायला तयार नसतं, कारण इन्सेंटिव्ह बुडतो आणि टार्गेट तेवढंच राहतं. तुम्ही हात वर करा. तीन-तीन कोडांनी नोंदलेला एकच डीलर शोधून काढा, टेस्ट केस लिहा, यूएटीला, म्हणजे वापरणाऱ्यांच्या चाचणीला, रात्री नऊपर्यंत बसा, फील्डच्या पोरांना नवी ऑर्डर एंट्री शिकवा. कंटाळवाणं काम आहे, पण सीव्हीत लिहायला खरा प्रोजेक्ट मिळतो आणि बाहेरून आलेले कन्सल्टंट तुम्हाला नावाने ओळखायला लागतात. मग हवं तर सर्टिफिकेट घ्या. तुमच्या कंपनीत ईआरपीच नसेल तर ईआरपीनेक्स्ट घ्या. मुंबईत तयार झालेलं, मुक्त स्रोत. त्यात आपल्याच एरियाचे डीलर, दर आणि स्कीम बसवून पाहा. एक रविवार पुरत नाही हे लवकरच कळेल.

आता पैसे. पहिल्या उडीत पगार वाढेलच असं नाही, कमीही होऊ शकतो. टीम लीड सत्तावीस वर्षांची मुलगी असेल आणि ती तुमचं डॉक्युमेंट लाल करून परत पाठवेल. गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टीम सुरू होण्याच्या, आठवड्यात घरी जेवायला पोचाल याचा नेम नाही. तेव्हा नवरा-बायकोने बसून गृहकर्जाचे सहा महिन्यांचे हप्ते आणि शाळेची फी वहीत मांडावी. त्या बैठकीत आई-वडिलांनी आणि सासरच्यांनी चहा द्यावा आणि शेजारच्या मुलाचं नाव न काढता आतल्या खोलीत जाऊन बसावं.